सर्व्हरवरच्या नको असलेल्या सर्व्हिस नीट कशा बंद करायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स सर्व्हर सांभाळणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सिस्टमडी असलेल्या सर्व्हरसाठी आहेत, म्हणजे डेबियन, उबुंटू, रेड हॅट, रॉकी वगैरे. विंडोजबद्दल एकच प्रश्न आहे, तो शेवटाकडे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. बहुतेक कमांडना आधी सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लागेल.

१. सर्व्हिस म्हणजे नेमकं काय? साध्या प्रोग्रॅमपेक्षा ती वेगळी कशी?

कोणी लॉगिन केलेलं असो वा नसो, मागे चालत राहणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हिस. वेब सर्व्हर, डेटाबेस, घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, प्रिंटरची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, हे सगळे यातलेच. त्यांना उठवणं, झोपवणं आणि पडल्या तर पुन्हा उभं करणं हे काम सिस्टमडी करतं. सर्व्हर सुरू होताना कर्नलनंतर सगळ्यात आधी तेच चालू होतं, म्हणून त्याचा प्रोसेस क्रमांक १ असतो. सिस्टमडी २०१० मध्ये आलं. २०११ च्या फेडोरा १५ मध्ये ते मुळातच बसवलेलं होतं, रेड हॅट ७ मध्ये २०१४ साली आलं, तर डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ मध्ये २०१५ साली. त्याआधीच्या सर्व्हरवर इनिट स्क्रिप्ट असायच्या. म्हणूनच जुन्या लेखांतल्या 'चेककॉन्फिग' किंवा 'अपडेट-आरसी.डी'च्या कमांड आज गोंधळात टाकतात.

२. बंद कशाला करायच्या? रॅम वाचते म्हणून?

थोडी वाचते. १ जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) ती जाणवते, ३२ जीबीच्या मशीनवर नाही. खरं कारण सुरक्षेचं आहे. कान देऊन बसलेली प्रत्येक सर्व्हिस हे आत यायचं एक दार असतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स या छपाईच्या यंत्रणेतल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यातला कप्स-ब्राउज्ड हा भाग यूडीपी पोर्ट ६३१ वर कोणाचंही पॅकेट मुकाट्याने स्वीकारत होता. त्यातून खोटा प्रिंटर जोडता यायचा आणि पुढे त्या प्रिंटरवर कोणी छपाई केली, की हल्लेखोराची कमांड सर्व्हरवर चालायची. छपाई लागत नसेल तर ही सर्व्हिस बंद करा, असा सल्ला तेव्हा दिला गेला. ज्यांच्या वेब सर्व्हरला जन्मात कधी प्रिंटर लागला नव्हता, अशा कितीतरी लोकांना आपल्याकडे कप्स चालू आहे हे त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. यादी तपासायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

३. माझ्या सर्व्हरवर आत्ता काय काय चालू आहे, ते कसं बघू?

तीन याद्या काढा. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस --स्टेट=रनिंग' ही आत्ता चालू असलेल्यांची. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट-फाइल्स --स्टेट=एनेबल्ड' ही बूट होताना आपोआप सुरू होणाऱ्यांची. तिसरी 'एसएस -टीयूएलपीएन', म्हणजे कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय त्याची.

सुरुवात तिसऱ्या यादीपासून करा. पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ असेल तर ती सर्व्हिस फक्त सर्व्हरच्या आतल्यांचं ऐकते. ०.०.०.० किंवा तारांकन असेल तर ती सगळ्या जगाला कान देऊन बसली आहे. अशा प्रत्येक ओळीसाठी 'हे इथे का आहे?' याचं उत्तर तुमच्याकडे हवं. कधी कधी सर्व्हिस हवी असते, पण जगासाठी नको असते. डेटाबेस हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिथे सर्व्हिस बंद न करता बाइंड-अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ करायचा.

'टॉप' या कमांडच्या यादीत 'केवर्कर'सारखी नावं दिसतात, ती कर्नलची कामं आहेत. त्यांचा इथे संबंध नाही.

४. स्टॉप, डिसेबल आणि मास्क यांत फरक काय? मी तर सगळ्याला 'बंद करणं'च म्हणतो.

बहुतेक घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्टॉप म्हणजे आत्ता बंद. रीबूट झाला की सर्व्हिस पुन्हा हजर.

डिसेबल म्हणजे बूट होताना आपोआप सुरू होऊ नको. पण आत्ता चालू असलेली सर्व्हिस डिसेबलने थांबत नाही. डिसेबल करताना खरं तर एवढंच होतं, की '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/मल्टी-यूजर.टार्गेट.वॉन्ट्स' या फोल्डरातली त्या सर्व्हिसची सिमलिंक (मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी खूण) काढली जाते. मूळ फाइल जागेवरच राहते. म्हणून दुसऱ्या कोणी मागितली तर डिसेबल केलेली सर्व्हिस खुशाल उठते.

मास्क म्हणजे कोणीही हाक मारली तरी उठायचं नाही. यात त्याच नावाची सिमलिंक '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम'मध्ये तयार होते आणि ती '/डेव्ह/नल'कडे, म्हणजे कायम रिकाम्या असलेल्या फाइलीकडे, बोट दाखवते. सिस्टमडी आधी तिथे बघतं, त्याला रिकामं सापडतं आणि विषय संपतो. तुम्ही स्वतः 'स्टार्ट' म्हटलंत तरी नकार मिळतो.

नेहमीच्या कामाला 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ नाव' पुरतं ('नाव'च्या जागी सर्व्हिसचं नाव), त्यात स्टॉप आणि डिसेबल दोन्ही होतं. मास्क करायचं असेल तर आधी हे करा, मग मास्क. कारण मास्क केल्याने वॉन्ट्समधली जुनी सिमलिंक जात नाही. उद्या कोणी अनमास्क केलं, तर कुणी एनेबल न करताही ती सर्व्हिस पुढच्या बूटला उठून बसते.

५. मी सर्व्हिस बंद केली, दोन मिनिटांनी बघतो तर पुन्हा चालू! असं का?

तिला कोणीतरी उठवतंय. ते कोण हे शोधल्याशिवाय काहीही करू नका.

पहिला संशय सॉकेटवर. काही सर्व्हिससाठी सिस्टमडी स्वतः पोर्ट धरून बसतं आणि पहिलं कनेक्शन आलं की सर्व्हिस सुरू करतं. डॉकर, कप्स, आरपीसीबाइंड, मल्टिपाथडी या सगळ्यांच्या सोबत त्याच नावाचं .सॉकेट युनिट (सिस्टमडी सांभाळतं ती प्रत्येक गोष्ट म्हणजे युनिट) असतं. फक्त डॉकर.सर्व्हिस थांबवली तर सिस्टमडी ताबडतोब सांगतं, की डॉकर.सॉकेट अजून जागं आहे. ती ओळ लोक वाचत नाहीत. दोन्ही नावं एकाच कमांडमध्ये द्या: 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ डॉकर.सर्व्हिस डॉकर.सॉकेट'.

दुसरा टायमर. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल' केलं की कोणता टायमर कोणाला कधी उठवतो ते दिसतं. टायमरवर चालणारी सर्व्हिस बंद करायची तर टायमरच डिसेबल करायचा. तिसरा .पाथ युनिट, जे एखाद्या फोल्डरवर नजर ठेवतं. कप्सकडे हेही आहे. चौथा डी-बस, ज्यावरून एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला हाक मारली की तो सुरू होतो. पाचवा म्हणजे दुसरीच एखादी सर्व्हिस, जिच्या फाइलीत 'वॉन्ट्स' किंवा 'रिक्वायर्स' लिहून ही मागितलेली असते.

शोधायला दोन कमांड: 'सिस्टमसीटीएल स्टेटस नाव' केलं की 'ट्रिगर्ड बाय' अशी ओळ दिसते, आणि 'सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स नाव' केलं की मागणारे दिसतात. मागणाऱ्याने 'रिक्वायर्स' लिहिलं असेल आणि तुम्ही मास्क केलंत, तर मागणाराही सुरू होणार नाही. 'वॉन्ट्स' असेल तर तो तिच्याशिवाय पुढे जातो.

६. सरळ किल -९ मारलं, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारून टाकली तर?

मारू नका. एक तर सिस्टमडीला वाटतं सर्व्हिस पडली, आणि फाइलीत 'रीस्टार्ट=ऑलवेज' असेल तर ते तिला पुन्हा उभी करतं. दुसरं म्हणजे डेटाबेसला हातातलं काम मिटवायला वेळच मिळत नाही. 'सिस्टमसीटीएल स्टॉप' आधी सभ्यपणे सिगटर्म, म्हणजे 'आवरून बंद हो' असा निरोप, पाठवतं, ठरलेला वेळ वाट बघतं (सहसा ९० सेकंद) आणि तरीही कोणी हललं नाही तरच सिगकिल (किल -९ तेच) वापरतं. स्टॉपला वेळ लागतोय म्हणून दुसऱ्या खिडकीतून किल करणारे मी पाहिले आहेत. तो एक-दीड मिनिट थांबा.

७. 'स्टॅटिक' असं दिसतंय आणि डिसेबल होतच नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. त्या सर्व्हिसच्या फाइलीत 'इन्स्टॉल' हा भागच नाही, म्हणजे ती स्वतःहून बूटला सुरू होत नाही, कोणीतरी मागितली तरच होते. त्यामुळे डिसेबल करायला काही उरत नाही. मागणारा शोधा (प्रश्न ५) किंवा मास्क करा. 'जनरेटेड' दिसलं तर ती फाइल बूटच्या वेळी दुसऱ्या कशावरून तरी बनवली आहे, बऱ्याचदा '/ईटीसी/इनिट.डी'मधल्या जुन्या स्क्रिप्टवरून.

८. कोणत्या सर्व्हिसना अजिबात हात लावू नये?

डी-बस, जर्नलडी, लॉगिनडी, यूडेव्हडी या चौघांना नाही. नेटवर्क सांभाळणारी जी असेल (नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर) तिला नाही. एसएसएचला (दुरून लॉगिन करायची सोय) नाही, त्याची खास गोष्ट प्रश्न १२ मध्ये आहे.

आणि घड्याळाला नाही! टाइमसिंकडी किंवा क्रोनी 'फालतू' समजून बंद केलेली मी कितीदा पाहिली आहे. त्या दिवशी काहीच होत नाही. मग घड्याळ हळूहळू सरकतं, मोबाइलवरचे सहा आकडी कोड चुकायला लागतात, प्रमाणपत्र 'अजून वैध नाही' असं दिसतं, आणि दोन सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवले तर आधी काय झालं तेच कळत नाही. एवढ्या त्रासाचं मूळ महिनाभरापूर्वीच्या एका कमांडमध्ये आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

९. मग साधारण कोणत्या बंद करता येतात?

भाड्याच्या व्हीपीएसवर: मोडेममॅनेजर (सर्व्हरला सिमकार्डचा मोडेम नसतो), ब्लूटूथ, अवाही-डेमन (जवळच्या नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी), कप्स आणि कप्स-ब्राउज्ड. स्टोरेजला एकाहून अधिक वाटांनी जोडणी नसेल तर उबुंटूवरची मल्टिपाथडी. एकही स्नॅप (उबुंटूचा वेगळ्या प्रकारचा पॅकेज) वापरत नसाल तर स्नॅपडी. एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वापरायची पद्धत) वापरत नसाल तर आरपीसीबाइंड, तो पोर्ट १११ वर बसतो आणि दुसऱ्यांवर हल्ला करायला त्याचा आरसा म्हणून वापर होतो. एनएफएस वापरत असाल तर आधी प्रश्न १० वाचा.

जी सर्व्हिस कधीच लागणार नाही तिचं पॅकेजच काढून टाकणं जास्त चांगलं. फक्त 'एपीटी रिमूव्ह' (डेबियन-उबुंटूवर पॅकेज काढायची कमांड) सोबत काय काय काढतोय ती यादी एंटर दाबण्याआधी वाचा.

१०. बंद केल्यावर रीबूट करायलाच हवं का? कमांड तर लगेच लागू होते.

लागू लगेच होते, पण तपासणी रीबूटनेच होते. हे मी स्वतः शिकलो ते असं. एका कॉलेजच्या लॅबमधला फाइल सर्व्हर माझ्याकडे होता. पोर्ट १११ उघडा दिसला म्हणून मी आरपीसीबाइंडची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही मास्क केलं. सगळे संगणक नीट चालत होते, मी समाधानाने घरी गेलो. तीन आठवड्यांनी एका रात्री लाइट गेली, सकाळी लॅब सुरू झाली आणि एकाही मुलाचं होम फोल्डर उघडेना. लॅबचे संगणक एनएफएसची आवृत्ती ३ वापरत होते. आधी जोडलेली फोल्डरं चालत राहिली, पण नव्याने जोडताना कोणत्या पोर्टवर जायचं हे विचारायला त्यांना आरपीसीबाइंडच लागतो. दोन तास मी नेटवर्कच्या वायरी तपासत होतो, कारण तीन आठवड्यांपूर्वीची कमांड माझ्या डोक्यातून गेली होती. त्या दिवशी परीक्षेचं प्रॅक्टिकल होतं.

आवृत्ती ४ ला आरपीसीबाइंड लागत नाही, ती थेट पोर्ट २०४९ वर जाते. म्हणजे बरोबर क्रम होता: आधी सगळ्यांना आवृत्ती ४ वर न्यायचं, मग बंद करायचं, आणि त्याच संध्याकाळी सर्व्हर आणि एक लॅबचा संगणक रीबूट करून बघायचा.

तेव्हापासून मी '/रूट' मध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवतो: तारीख, काय बंद केलं, का केलं, परत कसं आणायचं. चार ओळी. माझ्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याला मास्क केलेली सर्व्हिस दिसते, त्यामागचं कारण दिसत नाही.

११. सर्व्हर दुसऱ्या शहरात आहे. बंद करताना मीच बाहेर अडकलो तर?

हा प्रश्न आधी पडतो हीच चांगली गोष्ट आहे. दोन उपाय आहेत.

पहिला, परतीचा टायमर लावून ठेवा: 'सिस्टमडी-रन --युनिट=परत --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=१०एम सिस्टमसीटीएल स्टार्ट नाव'. मग ती सर्व्हिस फक्त स्टॉप करा. कनेक्शन तुटलं तर दहा मिनिटं शांत बसा, सर्व्हिस आपोआप उठेल. सगळं ठीक असेल तर 'सिस्टमसीटीएल स्टॉप परत.टायमर' करून तो रद्द करा, आणि मगच डिसेबल. आधीच मास्क केलेलं असेल तर हा टायमर काही करू शकणार नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरा, 'सिस्टमसीटीएल मास्क --रनटाइम नाव'. याची सिमलिंक '/रन' खाली बनते आणि रीबूटला पुसली जाते. होस्टिंगच्या पॅनेलवरून रीबूट मारला की सर्व्हर आधीसारखा. पाहिजे तर एक-दोन दिवस असंच चालवून बघा.

आणि काम करताना एसएसएचची दुसरी खिडकी उघडी ठेवा.

१२. उबुंटूवर एसएसएच स्टॉप केलं, तरी नवीन लॉगिन होतंय. हॅक झालंय का?

नाही. उबुंटू २२.१० पासून एसएसएच सॉकेटवर चालतं. एसएसएच.सॉकेट जागं असेल तर नवीन कनेक्शन आलं की सर्व्हिस पुन्हा उठते, प्रश्न ५ मधलाच प्रकार. खरंच बंद करायचं असेल (म्हणजे कन्सोलवरून पोचता येत असेल तर) दोन्ही बंद करा. सर्व्हिस थांबवल्यावरही आधीपासून चालू असलेली लॉगिन टिकतात, हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. त्यामुळे 'माझं टर्मिनल चालू आहे, म्हणजे सगळं ठीक' असं समजू नका. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघा.

रेड हॅटच्या कुळात या सर्व्हिसचं नाव एसएसएचडी असतं.

१३. पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) बसवायचंय, पण डीएनएसचं पोर्ट ५३ सिस्टमडी-रिझॉल्व्हडीने (वेबसाइटच्या नावांचे पत्ते शोधणाऱ्या सर्व्हिसने) धरलंय. तिला मास्क करू का?

एकदम नको. '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही फाइल उबुंटूवर त्याच सर्व्हिसच्या फाइलीकडे जाणारी सिमलिंक असते. सर्व्हिस गेली की सर्व्हरला कुठलंच नाव सापडत नाही, आणि मग पाय-होल डाउनलोडही होत नाही. '/ईटीसी/सिस्टमडी/रिझॉल्व्हडी.कॉन्फ'मध्ये 'डीएनएसस्टबलिसनर=नो' लिहा, रिझॉल्व्ह.कॉन्फची सिमलिंक '/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/रिझॉल्व्ह.कॉन्फ'कडे वळवा, आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. पोर्ट मोकळं होतं, नावं सापडत राहतात.

१४. एपीटी चालवलं की 'लॉक मिळत नाही' असं येतं. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारी सर्व्हिस) कायमचं बंद करू का?

कृपया करू नका. मागे सुरक्षेची अपडेट बसतायत, म्हणून ते लॉक आहे. थोडं थांबा. वेळ अडचणीची असेल तर वेळ बदला: 'सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर' करून 'टायमर' या भागात आधी एक रिकामी 'ऑनकॅलेंडर=' ओळ लिहा, मग तुमची वेळ. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळही राहते आणि नवीही लागते.

१५. मास्क करताना 'फाइल आधीच आहे' असं म्हणून नकार येतो.

ती सर्व्हिस कोणीतरी हाताने लिहून थेट '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम'मध्ये ठेवली आहे. मास्कला सिमलिंक नेमकी त्याच जागी ठेवायची असते. डिसेबल करा, फाइल '/यूएसआर/लोकल/लिब/सिस्टमडी/सिस्टम'मध्ये हलवा, 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' करा, मग मास्क होईल. '/यूएसआर/लिब/सिस्टमडी' खालच्या पॅकेजच्या फाइली मात्र हलवू किंवा पुसू नका, पुढच्या अपडेटला त्या परत येतात.

१६. पोस्टग्रेस हा डेटाबेस 'अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)' दाखवतोय. चालू आहे की बंद?

डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस ही नुसती छत्री आहे. खरा डेटाबेस 'पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन'सारख्या नावाखाली चालतो. एकाच मशीनवर दोन आवृत्त्या असतील आणि जुनी बंद ठेवायची असेल, तर तिच्या '/ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल' खालच्या फोल्डरातल्या 'स्टार्ट.कॉन्फ'मध्ये 'ऑटो'च्या जागी 'मॅन्युअल' लिहा आणि ती एकटी स्टॉप करा.

असेच स्वतःचा स्विच असलेले आणखी दोन. क्लाउड-इनिटच्या (नवा व्हीपीएस पहिल्यांदा तयार करणाऱ्या यंत्रणेच्या) अनेक सर्व्हिस एकेक मारत बसू नका, '/ईटीसी/क्लाउड/क्लाउड-इनिट.डिसेबल्ड' नावाची रिकामी फाइल बनवली की काम होतं. यूएफडब्ल्यू फायरवॉलसाठी 'यूएफडब्ल्यू डिसेबल' आहे.

१७. पॅकेज अपडेट झालं की माझी बंद केलेली सर्व्हिस परत येईल का?

नुसत्या अपडेटने डिसेबल केलेलं सहसा तसंच राहतं. पॅकेज पूर्ण काढून नव्याने बसवलं तर डेबियनच्या कुळात ते स्वतःला एनेबल करून लगेच चालूही होतं, रेड हॅटमध्ये बहुतेक सर्व्हिस तुम्ही सांगेपर्यंत बंद असतात. खात्री हवी तिथे मास्क. डेबियनवर नवं पॅकेज बसवताना काहीच सुरू होऊ नये असं वाटत असेल, तर '/यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी' ही १०१ कोडने बाहेर पडणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा, तिला चालवायची परवानगी द्या, आणि काम झालं की काढून टाका.

१८. विंडोज सर्व्हरवर हेच कसं करायचं?

पॉवरशेलमध्ये 'स्टॉप-सर्व्हिस स्पूलर', मग 'सेट-सर्व्हिस स्पूलर -स्टार्टअपटाइप डिसेब्ल्ड'. तिथे मॅन्युअल म्हणजे मागितली तर उठेल, डिसेब्ल्ड म्हणजे उठणार नाही, म्हणजे मास्कच्या जवळचं. उदाहरण मुद्दाम प्रिंट स्पूलरचं, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या सर्व्हिसचं, दिलं. २०२१ मधल्या प्रिंटनाइटमेअर या त्रुटीनंतर डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या विंडोज सर्व्हरवर) तो चालू ठेवायचं काही कारण राहिलेलं नाही.

१९. नको ती सर्व्हिस बंद केली आणि आता सर्व्हर वरच येत नाही. काय करू?

होस्टिंगच्या पॅनेलवरचा कन्सोल उघडा, रीबूट करा आणि ग्रबचा (बूट होताना पहिला दिसणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू थांबवा. ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट' लिहा आणि कंट्रोल-एक्स. कमीत कमी सर्व्हिससह सर्व्हर उभा राहील आणि रूटचा पासवर्ड मागेल. आत गेल्यावर 'सिस्टमसीटीएल अनमास्क नाव', मग 'सिस्टमसीटीएल एनेबल नाव', मग रीबूट. उलट एखादी सर्व्हिसच बूट अडवत असेल, तर त्याच ओळीत 'सिस्टमडी.मास्क=नाव.सर्व्हिस' लिहिलं की ती त्या एका बूटपुरती बाजूला राहते. भाड्याच्या सर्व्हरवर रूटचा पासवर्ड बऱ्याचदा ठरवलेलाच नसतो आणि मग रेस्क्यूमध्ये आत जाता येत नाही. तो आजच ठरवून ठेवा, सर्व्हर चालू असतानाच.